आधी शेपूट

१

मास्तर टेबलाच्या पायाशी पालथे पडले होते, आणि त्यांच्या डोक्यावर तारेला टांगलेले शब्द पंख्याच्या वाऱ्यावर शांतपणे हलत होते.

वर्ग म्हणजे पहिल्या मजल्यावरची एकच लांबट खोली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तार, तारेला कपडे वाळत घालायचे चिमटे आणि चिमट्यांत पुठ्ठ्याचे तुकडे. एकेका लांबलचक इंग्रजी शब्दाचे चार-चार, पाच-पाच तुकडे करून मास्तर ते असे टांगायचे. मुलं म्हणायची, मास्तरांनी शब्द धुऊन वाळत घातलेत.

आज त्यातल्या खालच्या रांगेवर रक्ताचे शिंतोडे होते. मास्तरांच्या डोक्याची मागची बाजू फुटून आत गेली होती. शेजारीच लाकडी मोगरी पडली होती. गेली चाळीस वर्षं तीच मोगरी टेबलावर आपटून ते शब्दाचा ठोका शिकवत आले होते.

इन्स्पेक्टरबाई इमारतीच्या दारापर्यंत पोचल्या तेव्हा जिन्यात वेगळीच हाणामारी चालली होती. दहा-बारा माणसांनी गॅरेजवाल्याला भिंतीशी दाबून धरलं होतं. त्याचा सदरा रक्तानं माखलेला. एकानं त्याचा उजवा हात कठड्यावर ठेवला आणि दुसऱ्यानं त्यावर बूट मारला. हाड मोडल्याचा आवाज बाईंना खालच्या पायरीवरही ऐकू आला.

"सोडा त्याला!"

"बाई, यानंच मारलंय मास्तरांना! मांडीवर डोकं घेऊन बसला होता, नाटक्या!"

"मग तुरुंगात पाठवायला त्याला जिवंत तर ठेवा. का तेही काम तुम्हीच करणार?"

बाई मध्ये शिरल्या. त्यांच्या पाठीवर दोन ठोसे पडले, टोपी उडून खाली गेली, पण त्या हलल्या नाहीत. पोलीस ठाण्यात त्यांना पाठीमागे 'गोगलगाय' म्हणायचे, कारण त्या सगळं सावकाश करायच्या. सावकाश उभ्या राहणाऱ्या माणसाला ढकलणंही अवघड असतं, हे जिन्यातल्या लोकांना त्या दिवशी कळलं.

गॅरेजवाला मोडका हात छातीशी धरून एवढंच म्हणाला, "मी त्यांना उचलायला गेलो होतो, बाई. समारंभाला न्यायला आलो होतो."

तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. काठी टेकत एक म्हातारी बाहेर आली. ही निवृत्त नर्स. सगळी इमारत तिला सिस्टर म्हणायची.

"समारंभाला न्यायला आला म्हणे!" सिस्टर म्हणाली. "मास्तर जिवंत होते. भिंतीपलीकडून त्यांनी मला उत्तर दिलं. त्यानंतर हा जिना फक्त हाच चढला. मी बाल्कनीतून या डोळ्यांनी पाहिलंय."

२

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याच्या खिडकीवर पहिला दगड आला. लोकांचं म्हणणं साधं होतं: गॅरेजवाल्याला आमच्या ताब्यात द्या.

त्याला कारणही होतं. वर्षापूर्वी यानंच भर जिन्यात मास्तरांना धमकी दिली होती. याची मुलगी बोलताना अडखळायची. शाळेत पोरं तिला चिडवायची, म्हणून मास्तरांनी तिचं नाव मुद्दाम मैना ठेवलं होतं. "माझ्या पोरीला चारचौघांत बोलायला लावून तिचं हसं केलंत, तर हात मोडीन," असं हा ओरडला होता. ते सगळ्यांच्या लक्षात होतं. त्यानंतर हाच माणूस रोज संध्याकाळी मुलीला न्यायला येऊन जिन्यात तासभर मुकाट बसायचा, हे मात्र कुणाच्या लक्षात नव्हतं.

"इंग्रजी येतं का तुम्हाला?" बाईंनी कोठडीच्या गजाबाहेर स्टूल घेऊन विचारलं.

"गाडीच्या पार्टांची नावं येतात. बाकी सगळा अंधार." त्याचा हात प्लास्टरमध्ये होता, ओठ सुजला होता. "बाई, माझी पोरगी आता एक अख्खा शब्द न अडखळता बोलते. ज्यानं तिला जीभ दिली, त्याला मी मारीन?"

"मैना कुठाय?"

"तुमच्याच ठाण्यात. बाकावर. बाहेर कशी पाठवू? मला काही झालं तर ती परत मुकी होईल. एवढंच बघा."

बाकावर दहा वर्षांची मुलगी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. खिडकीवर दगड आपटला की ती दोन्ही कान दाबून घेत होती.

बाईंनी मास्तरांच्या धाकट्या भावाला बोलावलं. दोघे भाऊ वर्गाच्या मागच्या खोलीत राहायचे. धाकट्याच्या बोटांना कात्रीचे घट्टे पडले होते.

"भांडायचो आम्ही, नाही कशाला म्हणू?" तो म्हणाला. "सगळे पुठ्ठे मीच कापायचो. मागच्या वर्षी दादानं शिकवायची तऱ्हाच बदलली. चाळीस वर्षांचे तुकडे रद्द! मला सगळे नव्यानं कापायला लावले. दोन महिने तोंड पाहिलं नाही मी त्याचं."

"काल कुठे होतात?"

"समोरच्या सभागृहात, खुर्च्या मांडत. उच्चार स्पर्धेचा बक्षीस समारंभ होता. दादा प्रमुख पाहुणा. म्हणून तर वर्गाला लवकर सुट्टी दिली होती. कोटाला इस्त्री करून ठेवली होती मी."

"खुर्च्या मांडताना कुणी पाहिलं तुम्हाला?"

"खुर्च्यांनी."

बाईंना हसू आलं नाही, त्यालाही नाही.

रस्त्यापलीकडे मोठा क्लास होता. चालवणारे सर मास्तरांचेच जुने विद्यार्थी, वीस वर्षांपूर्वीचे. स्पर्धेतली बक्षिसं दरवर्षी त्यांच्याच क्लासला मिळायची. बाई आत गेल्या तेव्हा तीस मुलं बाकांवर बसली होती. सगळ्यांच्या मुठी आवळलेल्या आणि सगळ्या मुठी मांडीवर. सर टेबलावरची लोखंडी पट्टी उचलून बाजूला ठेवायला गेले, तसे पुढच्या बाकावरच्या मुलाने डोळे घट्ट मिटले.

"पोरं शिस्तीची आहेत," बाई म्हणाल्या.

"शिस्तीशिवाय उच्चार नाही. मास्तर देवमाणूस होते, फार मऊ." सरांनी रुमाल डोळ्यांना लावला. "काल भेटायला जाणार होतो. जिन्यापर्यंत गेलोही. पण वर ठोके चालू होते. डिक्शनरी शिकवत होते कुणाला तरी. म्हटलं, वर्गात कशाला लुडबुड करा? तसाच सभागृहात गेलो. तिथं शंभर माणसांनी पाहिलंय मला."

ते खरं होतं. गॅरेजवाल्याची किंकाळी ऐकू आली तेव्हा सर स्टेजवर माईक तपासत होते.

बाई बाहेर पडल्या. त्यांच्या मनात काहीतरी रुतून बसलं होतं, पण काय ते सापडेना.

३

"सिस्टर, उत्तर दिलं म्हणजे काय केलं मास्तरांनी?"

सिस्टरच्या स्वयंपाकघराची आणि वर्गाची भिंत एकच होती. तिच्या बाजूनं रंगाचे पोपडे गेले होते, वर्षानुवर्षं काठी आपटून.

"आधी नुसती धडाधड झाली. ताल नाही, काही नाही. मी भिंत बडवली. म्हटलं, मास्तर, आज सुट्टी दिलीत ना? मग पुरे की! क्षणभर सगळं चिडीचूप. मग उत्तर आलं. नेहमी असंच करायचा तो खट्याळ म्हातारा. मी काठी आपटली की तो एक शब्द वाजवायचा."

"वाजवून दाखवाल?"

सिस्टरनं काठी ओट्यावर धरली आणि दुसऱ्या हाताची बोटं लाकडावर टेकवली. काठीनं दणका, बोटांनी हलका ठोका.

दण्.

दण्, टक.

दण्, टक, टक.

दण्, टक, टक, टक.

"शब्द कोणता, ते मला कधीच कळत नाही. मग शांत. मी जाऊन आडवी झाले. बऱ्याच वेळानं बाल्कनीत आले, तर गॅरेजवाला जिन्याशी. पुढचं तुम्हाला माहीत आहे."

"म्हणजे मधल्या वेळात जिन्यावर तुमची नजर नव्हती," बाई म्हणाल्या.

बाई वर्गात परतल्या. मास्तरांना नेलं होतं, पण टेबल तिथंच होतं. टेबलभर रक्त सुकलेलं. काल त्यांना ते सगळं एकसारखं दिसलं होतं. आज त्या खुर्ची ओढून बसल्या आणि अर्धा तास नुसत्या पाहत राहिल्या. बाहेर हवालदार जांभया देत होता.

रक्ताच्या शिंतोड्यांमध्ये चार गोल डाग होते, मोगरीच्या तोंडाएवढे. पहिला गच्च आणि ओला पडलेला. दुसरा जरा फिका. तिसऱ्याची नुसती कड. चौथा जेमतेम दिसणारा.

"हवालदार, अर्जांवर शिक्के मारताना शाई संपत आली की काय होतं?"

"शिक्का फिका पडत जातो, बाई."

"मोगरीला रक्त आधी लागलं. टेबलावर ती नंतर आपटली. चार वेळा. सिस्टरनं ऐकलेले दणके किती?"

हवालदारानं बोटं मोजली आणि त्याचा हात तसाच हवेत राहिला.

"म्हणजे," बाई सावकाश म्हणाल्या, "आधीची धडाधड हाच खून होता. सिस्टरनं भिंत वाजवली तेव्हा मास्तर संपले होते. तिला उत्तर दिलं ते खुन्यानं."

४

बाईंनी शिक्क्यांची गोष्ट फोनवर साहेबांना कळवली. तासाभरानं खालून आरडाओरडा आला. ठाण्यावरून धावत आलेला शिपाई धापा टाकत होता. "बाई, फाटक पाडलंय त्यांनी. आपल्या दोन माणसांची डोकी फुटलीत. साहेब म्हणतात, शिक्क्यांच्या गोष्टी लोकांना ऐकवून भागणार नाही. गॅरेजवाला दोनदा वर गेला असेल. दुसरं नाव द्या, नाहीतर त्याला वाचवणं कठीण आहे."

"मैनेला घेऊन या," बाई म्हणाल्या. "मागच्या दारानं. आणि तिच्या बापालाही."

मैना आली ती सुकलेल्या रक्ताकडे न बघता थेट तारेकडे गेली. बाई तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या.

"मला लांब इंग्रजी शब्द शिकव. मास्तर शिकवायचे तसा."

मुलीनं तोंड उघडलं. पहिला आवाज घशात अडकला, मान ताठ झाली, डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी घाई केली नाही. गोगलगायीला वेळच वेळ होता. मग मैनेनं बोलणं सोडलं आणि तारेवरचे चार तुकडे काढून जमिनीवर ओळीनं ठेवले. कॉन. व्हर. से. शन. पहिले तीन तिनं हातानं झाकले. फक्त शेवटचा उघडा.

"शन," ती म्हणाली. स्वच्छ. आपल्या मांडीवर बोटानं हलका ठोका.

तिसरा तुकडा उघडला. "सेशन." 'से'वर मूठ जमिनीवर दणकन आपटली.

"व्हर्सेशन." हलका, दणका, हलका.

"कॉन्व्हर्सेशन." आणि ती हसली, रडता रडताच.

"शेपटीकडून?" बाईंनी विचारलं. "नेहमी?"

मैनेनं मान डोलावली. दारातून धाकटा भाऊ म्हणाला, "हीच ती नवी तऱ्हा. दादा म्हणायचा, शब्दाचा ठोका कुठं पडणार हे शेपूट ठरवते. फोटोग्राफमध्ये तो पहिल्या तुकड्यावर असतो, ग्राफीची शेपूट लागली की दुसऱ्यावर सरकतो, ग्राफिक म्हटलं की तिसऱ्यावर. आणि शन लागलं, की त्याच्या बरोबर अलीकडच्या तुकड्यावर. मग तोंडाकडून सुरुवात करायचीच कशाला? वर, अडखळणाऱ्या पोरीला पहिला आवाजच तर नडतो. तो शेवटी आला की तोवर जीभ धावायला लागलेली असते. हिच्यासाठी बदललं त्यानं. मग सगळ्यांसाठीच."

बाईंनी जमिनीवर ठोके दिले: दण्. दण्, टक. दण्, टक, टक. "हे कसं वाटतं, मैना?"

मुलीनं जोरात नकार दिला. पुढं नवा तुकडा लावला की दणका मागं ढकलला जातो, हे तिनं पुठ्ठे सरकवून दाखवलं. दणका दर वेळी पहिलाच राहतो, तो तोंडाकडून सुरुवात केली तरच.

"आणि ज्या शब्दात चारांतला पहिला तुकडा जोरात, असा शब्द कोणता?"

मैनेनं तारेकडे बोट करत तीन शब्द दाखवले. हेलिकॉप्टर. सेक्रेटरी. डिक्शनरी. मग खांदे उडवले, म्हणजे असे कितीतरी.

बाईंच्या मनात रुतलेलं निघालं. त्या इतक्या झटकन उठल्या, की हवालदार दचकला.

"क्लासवाल्या सरांना बोलवा. म्हणावं, मुलीला जरा शिकवायचंय."

५

खोलीत बेडी घातलेला गॅरेजवाला, त्याला चिकटलेली मैना, धाकटा भाऊ, काठीवर हनुवटी टेकलेली सिस्टर. ठाण्यावरून मागोमाग आलेली गर्दी जिन्यात दाटलेली, हातांत दगड तसेच.

"सर, मास्तरांच्या पद्धतीनं एक शब्द शिकवा हिला," बाई म्हणाल्या. "कोणताही."

"आत्ता? या टेबलावर?"

"तुमच्याइतकं चांगलं कुणाला येतं?"

हे सरांना पटलं. ते टेबलाशी उभे राहिले. उजव्या हातात मोगरीऐवजी डस्टर घेतलं. डाव्या हाताचं काय होतंय याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ज्या हालचालीला वीस वर्षं उलटलीत, तिच्याकडे कोण लक्ष देतो? "से," ते म्हणाले आणि डस्टर आपटलं. "सेक्रे." दणका वर, आणि हलका ठोका टेबलाच्या पोटावर, खालून, बोटांनी.

धाकट्या भावाच्या तोंडून आवाज निघाला. "अरे, हे तर जुनं! दणका वर, हलका खाली. दादानं ते कधीच बंद केलं. खांदा दुखायचा त्याचा. आता हलका ठोका मांडीवर."

"हात तिथंच राहू द्या, सर," बाई म्हणाल्या. "हवालदार, बॅटरी घेऊन आडवे व्हा आणि टेबल खालून बघा."

हवालदार पाठीवर सरकत टेबलाखाली गेला. प्रकाश हलला, थांबला.

"बाई, बोटांचे ठसे आहेत. रक्ताचे. अगदी सरांच्या बोटांशेजारी."

"आम्ही सगळ्यांनी या गोष्टीला तोंडाकडून सुरुवात केली," बाई जिन्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "वर्षापूर्वी धमकी कुणी दिली, तिथून. शेपटीकडून बघा. शेवटी वाजले ते ठोके. मोगरीचे शिक्के सांगतात की ते मेलेल्या माणसाजवळ उभं राहून वाजवले. तऱ्हा जुनी होती. गॅरेजवाल्यानं जिन्यात वर्षभर नवीच ऐकली. नक्कल करायची तर त्यानं तीच केली असती. भावानं स्वतः नवे पुठ्ठे कापले. जुनी तऱ्हा हाडात भिनलेला एकच माणूस इथं आहे. आणि तो मला म्हणाला, वर डिक्शनरी चालू होतं. सर, भिंतीला लागून राहणाऱ्या सिस्टरला शब्द कळला नाही. नुसत्या ठोक्यांवरून तो हेलिकॉप्टरही असू शकतो. डिक्शनरी होता हे फक्त वाजवणाऱ्यालाच ठाऊक."

सरांची नजर पुठ्ठे कापायच्या मोठ्या कात्रीवर गेली, आणि दुसऱ्या क्षणी ती त्यांच्या हातात होती. त्यांनी टेबल उलथवलं, हवालदार खाली चिरडला, कात्रीचं टोक धाकट्या भावाच्या दंडात घुसलं. गॅरेजवाला बेडीसकट मुलीच्या अंगावर आडवा पडला. सर दाराकडे वळले, आणि सिस्टरची काठी त्यांच्या नडगीवर अशी बसली की ते भुईसपाट झाले.

"तीस वर्षं वॉर्ड सांभाळलाय मी," सिस्टर म्हणाली. "पळणारे पेशंट नवे नाहीत मला."

बाईंनी त्यांच्या पाठीवर गुडघा ठेवून हात मागं ओढले.

"का?"

"त्यांनी माझ्या क्लासच्या पोराची बोटं पाहिली," सर जमिनीशी बोलले. "सुजलेली. म्हणाले, आज स्टेजवरून सगळ्यांना दाखवीन. मी म्हटलं, मास्तर, ठोका मारायला तुम्हीच शिकवलंत!"

"त्यांनी लाकडावर मारायला शिकवलं होतं," बाई म्हणाल्या.

६

जिन्यातली गर्दी आत घुसली. दगड तेच होते, फक्त नाव बदललं होतं. "द्या त्याला इकडे! आत्ताच्या आत्ता!" एक दगड बाईंच्या कपाळाला लागला आणि त्यांच्या डोळ्यात रक्त उतरलं.

गॅरेजवाला उठला. मोडका हात गळ्यात, दुसऱ्या हातात अजून बेडी लोंबत होती. तो दारात आडवा उभा राहिला. काल याच माणसांनी त्याचं हाड मोडलं होतं, आणि ज्याने बूट मारला तो अगदी पुढे होता.

"मास्तरांच्या वर्गात आरडाओरडा चालत नाही," तो म्हणाला. "खाली व्हा."

कुणी हललं नाही. मग पुढच्या माणसानं त्याच्या प्लास्टरकडे पाहिलं आणि हातातला दगड पायरीवर हळूच ठेवला, आवाज होऊ नये अशा बेतानं. सर खाली नेले गेले ते चिडीचूप जिन्यातून.

संध्याकाळी बाई कपाळाला पट्टी बांधून बेडी परत घ्यायला आल्या. खोली धुतली होती. धाकटा भाऊ एका हातानं तारेवर पुठ्ठे लावत होता. गॅरेजवाला चिमटे देत होता. सिस्टर आपल्या घरी गेली होती.

मोगरी पुराव्यात जमा होती. मैना भिंतीशी जाऊन उभी राहिली. तिनं मूठ वळली.

"शन," ती म्हणाली.

"सेशन."

"व्हर्सेशन."

तिच्या बापानं पुढचा चिमटा दिलाच नाही.

"कॉन्व्हर्सेशन." आणि तिनं तो भिंतीवर वाजवला.

पलीकडे शांतता होती. बाईंना वाटलं, म्हातारी झोपली असेल. मग भिंतीच्या त्या बाजूनं काठी हलली. पुरे करा म्हणणारे धपाटे नव्हते ते. टक, टक, दण्, टक.

मैनेनं पुन्हा मूठ वळली.